काकूंच्या साड्यांची वाकळ घालायला घेतलीय

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय शैलू,

फोनवर आपलं बोलणं होतंय गं, पण तू कॅबमध्ये आणि मी स्वयंपाकघरात, निम्मं ऐकू येतं नि निम्मं राहून जातं. पोरांना अजून सुट्टी आहे, दोघं खाली किल्ल्यापाशी आहेत, आत्ती जरा आडव्या झाल्यात, म्हटलं आता निवांत बसून सगळं लिहूया, परत म्हणशील काही कळवत नाहीस.

यंदा पावसानं जायचं नावच काढलं नाही बघ. घट बसले तरी छत्र्या दारातच, मधेच असं कडक ऊन पडायचं की जीव नको व्हायचा आणि संध्याकाळी परत गडगडाट. घटाला माती वडणग्याच्या चुलत सासऱ्यांच्या रानातनं आणली, काळीभोर. सईनं यंदा सगळं स्वतः केलं, पत्रावळीवर माती पसरली, त्यात गहू ज्वारी हरभरा असं कालवलं, मधे घट ठेवला. नवीन मातीचा घट पाझरतो ना, त्या ओलीवर धान उगवतं, हे आत्तींनी तिला सांगितलं तर बाई रोज उठली की दात घासायच्या आधी देवघरात, हात न लावता नुसतं वाकून बघायची कोंब किती वर आला ते. दसऱ्याला ते पिवळसर कोंब ह्यांनी टोपीत खोवले, ओम्यानं पण हट्टानं टोपी घातली, आणि सगळे दसरा चौकात गेलो. पालख्या आल्या, शमीपूजन झालं आणि मग सोनं लुटायला जी झुंबड उडाली, त्यात ओम्याची टोपी कुठं गेली ती गेलीच. कोंब मात्र त्यानं मुठीत धरून घरी आणले.

हादग्याचं सांगायचं राहिलं. आपल्या गल्लीत तो जवळपास बंदच पडला होता, पोरींना क्लास, बायकांना वेळ नाही. मीच ग्रुपवर मेसेज टाकला की पार्किंगमध्ये करूया, ज्यांना जमेल त्यांनी या. पाटावर हत्ती कोण काढणार म्हणून विषय निघाला तर समोरच्या वहिनी पटकन म्हणाल्या, शैलूच्या आईसारखा हत्ती परत कुणाला जमला नाही. खरंय गं. काकू खडू एकदा टेकवायच्या ते सोंडेपासून शेपटीपर्यंत हात उचलायच्याच नाहीत. सईला मी तसं काढायला सांगितलं, तिचा हत्ती जरा बारीक झाला पण डोळा छान जमला. खिरापतीचा डबा वाजवून ओळखायचा खेळ पोरींना सगळ्यात आवडला. दुसऱ्या दिवसापासनं निरोप न देता पोरी खाली जमायला लागल्या, गाणी आपल्याला पाठ आहेत ती त्यांना एकेक करून शिकवली. पुढच्या वर्षी तू असायला पाहिजेस, निम्मी गाणी तुला जास्त येतात.

आता कंदील. फोटो बघून तू विचारलंस ना कसा केला, तर तुझ्या अद्वैतसाठी नीट लिहिते. ह्यांचं म्हणणं होतं ऑनलाइन मागवू, दिवाळीआधी ऑफिसचं काम तुंबलेलं असतं. मी म्हटलं मागवू नका, रविवारी तीन तास बसा. बुरडाकडनं बांबूच्या कामट्या आणल्या, सगळ्या एका लांबीच्या चोवीस कापून घ्यायच्या, इथं एक जरी लहानमोठी झाली तरी सांगाडा वाकडा होतो म्हणून हे काम मोठ्यानंच करायचं. चार चार बांधून चार चौकोन करायचे. मग ते चौकोन टोकावर उभे धरायचे, पतंगासारखे, आणि कोपऱ्याला कोपरा बांधत गोल पूर्ण करायचा. वर चार टोकं येतात ती चार कामट्यांनी जोडायची, खालची चार पण तशीच. झाला सांगाडा, बाजूला चार चौकोन आणि त्यांच्या मधे वर-खाली मिळून आठ त्रिकोण दिसतील. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, बल्ब सोडायला आणि हवेला.

घोटीव कागद महाद्वार रोडला मिळाला, चौकोनाला केशरी आणि त्रिकोणाला हिरवा. कागद कामटीपेक्षा बोटभर मोठा कापायचा आणि कामटीवरनं दुमडून चिकटवायचा. मैद्याची खळ पातळ शिजवायची, दाट झाली की कागदाला गोळे येतात. आणि सावलीत वाळवायचा गं, उन्हात घाईनं वाळवला तर आक्रसून फाटतो. वाळल्यावर तो असा ताणून बसतो की टिचकी मारली की आवाज येतो. ओम्या दिवसभर टिचक्या मारत होता, आत्ती ओरडत होत्या. खालच्या झिरमिळ्या कापायचं काम ह्यांनी मागून घेतलं, फोन बाजूला ठेवून एकेक पट्टी मोजून मापून कापली त्यांनी. एरवी एका घरात राहून आमचं चौघांचं बोलणं म्हणजे डबा घेतला का, चार्जर कुठाय. त्या दिवशी ह्यांनी पोरांना स्वतःच्या लहानपणीचं एवढं सांगितलं की मलाच त्यातलं बरंच माहीत नव्हतं. हात गुंतलेले असले की माणूस बोलतो, हे मी मनापासून सांगते तुला, समोरासमोर बसवून ‘बोला आता’ म्हटलं तर कोणी बोलत नाही. कंदील काय, दुकानात चांगला मिळतो, पण ती दुपार मिळत नाही.

किल्ला पन्हाळाच करायचा हे गल्लीतल्या पोरांनी जुलैमध्येच ठरवलं होतं. युनेस्कोच्या यादीत महाराजांचे बारा किल्ले गेले ना २०२५ च्या जुलैत, अकरा आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यात आपला पन्हाळा आहे म्हटल्यावर पोरांना कोण आनंद. विटा, दगड, चिखलात बुडवलेली पोती, सगळा जिना लाल झाला होता. पन्हाळ्यावरची अंधारबाव विहीर तीन मजली आहे हे ओम्यानं स्वतः जाऊन बघितलंय, म्हणून तीन खोके एकावर एक पुरले आणि सगळ्यात खाली पाणी दिसलंच पाहिजे म्हणून आरसा ठेवला! तीन दरवाजा म्हणतात ते गडाचं दार पुठ्ठ्याचं. उतारावर अळीव पेरले, ते छान हिरवेगार आलेत. पावसाला म्हणून रोज रात्री वर ताडपत्री टाकायची ड्युटी पोरांनी वाटून घेतली, कुणी सांगितलं नव्हतं.

फराळाचं काही विशेष नाही, नेहमीचंच. अनारसे आत्तींनीच केले, तांदूळ भिजत घातल्यापासनं पीठ मुरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. पाडव्याला गवळी लोकांच्या म्हशी बघायला गेलो होतो, शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली, कवड्यांचे पट्टे, आणि मालकानं गाडीवरनं हाक मारली की ती म्हैस गर्दीतनं त्याच्याच मागं पळत सुटते. सईनं घरी येऊन तसा पट्टा करायला घेतलाय, शेजारच्या कुत्र्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात घर रिकामं करताना काकूंच्या साड्यांचं गाठोडं तू माझ्याकडं ठेवून गेलीस, म्हणालीस टाकवतही नाही आणि नेववतही नाही. ते तसंच माळ्यावर होतं. कोजागिरी झाली, जरा ऊन पडलं, तेव्हा आत्ती म्हणाल्या काढ ते खाली, थंडीच्या आत वाकळ घालूया. मी तुला फोन केला, तू हो म्हणालीस, मग सोडलं. डांबरगोळ्यांचा वास आणि त्याच्या खाली काकूंच्या कपाटाचा तो वास, तुला माहितीय कुठला. मी थोडा वेळ तशीच बसले गं.

सिंथेटिक साड्या बाजूला काढल्या, त्या वाकळीत घालायच्या नसतात, घसरतात आणि अंगाला गरम होतात. सुती तेवढ्या घेतल्या, त्यात तुझ्या आजीची एक नऊवारी पण निघाली, इतकी मऊ की हातातनं निसटते. फॉल उसवले, खळ जाईपर्यंत दोन पाण्यातनं काढून गच्चीवर वाळवल्या. मग हॉलमधलं टीपॉय-बिपॉय सगळं उचललं, फरशीवर साड्या घड्या घालून थरावर थर पसरले, सुरकुती राहू नये म्हणून दोघींनी दोन टोकं धरून ओढायचं, कोपऱ्यांवर वरवंटा आणि पिठाचे डबे ठेवले. लांब लांब कच्चा टाका घालून थर पक्के केले. दुपारची जेवणं झाली की समोरच्या वहिनी, त्यांच्या जाऊबाई, वरच्या मजल्यावरच्या मावशी अशा येऊन बसायच्या, ज्याच्या हाती सुई त्यानं टाके घालायचे, आणि बोलणं सगळं काकूंचं. गॅदरिंगला गल्लीतल्या सगळ्या पोरींचे परकर त्यांनी शिवले होते म्हणे, एक पैसा न घेता, आणि कापड कमी पडलं तर स्वतःच्या साडीचं घालायच्या. तुला माहीत होतं हे? मला नव्हतं.

आणि ती निळी साडी आहे ना, बारीक चौकड्याची, तिला निऱ्यांच्या जागी रफू आहे. मला दिसलंच नव्हतं. आत्तींनी उजेडाला धरली, उलटी केली, परत सुलटी केली, नखानं चाचपून बघितलं तेव्हा सापडलं. साडीचाच धागा काढून त्यानं केलेलं. आत्ती सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाहीत हे तुला माहितीय, त्या म्हणाल्या, बाईला हात होता. ती साडी आतल्या थरात नको, वरच्या बाजूला यायला पाहिजे असं त्यांनीच ठरवलं, रफू दिसेल अशी.

आता अडलंय ते काकूंच्या इरकली साडीपाशी. हिरवी, लाल काठाची, टोप पदराची. पदर शाबूत आहे, मधे दोन ठिकाणी विरलीय. ती वरच्या बाजूला मधोमध घातली आणि कडेनं निळी आणि बाकीचे तुकडे घेतले तर वाकळ फार सुंदर होईल, पण त्यासाठी ती कापायला लागणार, आणि कापली की परत नेसता येणार नाही. तू ती कधी नेसणार आहेस का, हे तूच सांगायचं. माझं मत विचारशील तर कापूया. काकूंनी कुठलंच कापड नुसतं घडी घालून ठेवलं नाही आयुष्यात, आणि वाकळीत असली तर अद्वैत ती रोज अंगावर घेईल, कपाटात असली तर तू वर्षातनं एकदा बघशील. पण तुझा जीव अडकला असेल तर तसं सांग, आत्तींना अजिबात वाईट वाटणार नाही, आम्ही माझ्या आईची एक जुनी चॉकलेटी आहे ती घेऊ. वरचा थर ठरल्याशिवाय धावदोरा सुरू करता येत नाही, कडेपासनं आत आत गोल फिरत जायचं असतं ना, सगळे थर एकदमच सुईत येतात.

यंदा ५ नोव्हेंबरला त्रिपुरी पौर्णिमा आहे, कंदील तोवर ठेवणार आहे, पंचगंगेच्या घाटावर दिवे लावायला पोरांना घेऊन जाणार. गंगावेशीतनं पणत्या आणून ठेवल्यात. तुला तेव्हा जमणार नाही माहितीय, पण ९ ते ११ अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव आहे, आणि ९ ला रविवार येतोय. पहिल्या दिवशी मावळतीची किरणं देवीच्या पायाशी येतात, मग छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर, ढग नसले तर. एक-दोन दिवस रजा टाक आणि अद्वैतला घेऊन ये. तोवर कडेचे फेरे झालेले असतील, मधले तू घाल.

इरकलीचं मात्र ह्या आठवड्यात कळव, आत्ती रोज विचारतात. अद्वैतला कामट्या तिथं नाही मिळाल्या तर सांग, इथनं कापून कुरियर करते.

तुझीच,
मंगल

ता. क. साड्यांत एक लहान झबलं पण आलंय, पांढरं, गळ्याला गुलाबी गोफ. तुझं की दादाचं ते कळत नाही. वेगळं ठेवलंय.