‘मेसे’ म्हणजे नुसते प्रदर्शन नव्हे

महोदय,

अंबड-सातपूरचे उद्योजक जर्मनीला जातात, तेव्हा बातम्यांत ‘हॅनोव्हर मेसे’ असे तेथील हॅनोव्हर शहरात भरणाऱ्या औद्योगिक व्यापारी जत्रेचे नाव वाचायला मिळते. त्यातील ‘मेसे’ हे जर्मन नाम मुळात चर्चमधील उपासनेचे आहे, याचा उल्लेख मात्र होत नाही. लॅटिन उपासनेच्या अखेरीस धर्मगुरू ‘इते, मिस्सा एस्त’ असे म्हणून भाविकांना निरोप देत. त्यातील ‘मिस्सा’वरून, म्हणजे ‘पाठवणे’ या अर्थाच्या धातूवरून, साऱ्या विधीलाच ते नाव पडले. सणाच्या दिवशी उपासना आटोपून बाहेर पडणाऱ्या गर्दीसाठी चर्चच्या परिसरात बाजार भरे आणि पुढे त्या बाजारालाही लोक ‘मेसे’च म्हणू लागले. फ्रांकफुर्टच्या अशा जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२४० मध्ये संरक्षण दिले. नाशिककरांना यात नवल वाटू नये, कारण नवरात्रात कालिकामातेचे दर्शन घेऊन बांगड्या नि खेळणी घेऊन परतणारे कुटुंब ‘यात्रेला गेलो होतो’ एवढेच सांगते आणि त्यात देवी व बाजार दोन्ही येतात.

जहाजावरील अधिकाऱ्यांच्या भोजनकक्षालाही जर्मनमध्ये ‘मेसे’च म्हणतात, पण तो शब्द इंग्रजीतून आला, कॉलेज रोडवरच्या विद्यार्थ्यांची ‘मेस’ तीच. विशेष म्हणजे त्याचेही मूळ त्याच लॅटिन धातूत आहे : पंगतीत ‘पाठवलेला’ पदार्थ.

अशी नावे छापताना आपण सोबत ‘व्यापारी जत्रा’ असा अर्थ द्यावा, ही विनंती. ‘प्रदर्शन’ या शब्दात खरेदी-विक्रीचा भागच गळून पडतो.

– एक वाचक, नाशिक