एकावन्न टक्के

एडिसन, न्यू जर्सी
२३ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

सप्रेम सलाम.

हे फोनवर सांगायचं टाळलं. फोनवर तू आधी हसला असतास आणि मग मी विषय बदलला असता. कागद वाचून हसलास तर मला निदान ऐकू येणार नाही. तर, मी डिव्हिनिटी स्कूलला, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाळेला, अर्ज करतोय. वय ४१, बीएस्सी केमिस्ट्री, ५१ टक्के, मध्ये फिजिक्सची एटीकेटी. घे, हसून घे.

पाळक व्हायचं नाहीये. आजोबा होते, तेवढे घराला पुरे. मला हॉस्पिटलमधला चॅप्लन व्हायचंय. इथल्या मोठ्या हॉस्पिटलांत हा पगारी माणूस असतो. रुग्ण आपल्या धर्माचा असो-नसो, त्याच्या उशाशी बसायचं, बाहेर थांबलेल्या घरच्यांना सांभाळायचं, आणि बराच वेळ गप्प राहायचं. हे शेवटचं मला जमेल यावर तुझा विश्वास बसणार नाही. दोन वर्षं झाली, दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जातो.

मार्चमध्ये एक मराठी आजी तिथं होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आणि इथंच अंथरुणाला खिळल्या. इंग्रजी येत नव्हतं म्हणून मला बोलावलं. नाव सांगितल्यावर नीट निरखून म्हणाल्या, "किरिस्ताव का?" म्हटलं, हो, नगरचा. "मग पसायदान येत असेल की, नेवासं तुमच्याकडंच!" हा युक्तिवाद मला फार आवडला. शाळेची नेवाशाची सहल आठवते? पैसाच्या खांबापाशी सर ज्ञानेश्वरीबद्दल सांगत होते आणि आपण दोघं डब्यातल्या शेंगदाण्याच्या लाडवांवरून भांडत होतो. बरं, ते असो. मी म्हणायला लागलो आणि तिसऱ्या ओवीला अडकलो. आजींनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून पुढचे शब्द सांगितले, अगदी जोशीबाई सांगायच्या तशा, डोळे वटारून. नर्स धावत आली, मला बोलणी बसली. त्या रात्री घरी आलो आणि कुठली कॉलेजं हे शिकवतात ते शोधायला बसलो.

हा रस्ता लांबचा आहे. चॅप्लन म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे एम.डिव्ह., म्हणजे डिव्हिनिटीची मास्टर्स पदवी, करावी लागते; तीन वर्षं. शिवाय हॉस्पिटलात देखरेखीखाली काम करायचं, चारशे-चारशे तासांचे चार टप्पे. मेरीला हिशेब दाखवला तर ती म्हणाली, "पन्नाशीच्या आत होशील ना?" तो होकार होता असं मी धरून चाललोय.

पहिला अर्ज येलला. तू म्हणशील, ५१ टक्क्यांवर येल? पण त्याला कारण आहे. २०२२ पासून तिथल्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये गरज असलेल्या विद्यार्थ्यांची सगळी फी स्कूलच भरतं. राहण्याखाण्याचं आपण बघायचं. आणि दुसरं कारण नगरचं. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरले, ते अँडोव्हरच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकलेले. ती अँडोव्हर आता येल डिव्हिनिटी स्कूलमध्येच सामावली गेली आहे. ज्यांच्या नावाचं चर्च नगरला आहे ते ह्यूमसाहेब जन्मले मुंबईत, शिकले येलला. म्हणजे ही माणसं तिथून निघून आमच्या पणजोबांच्या गावात आली, आणि दोनशे वर्षांनी मी उलट टपाल घेऊन निघालोय. हे अर्जात लिहिलेलं नाही. फार गोड वाटतं.

आता खरं दुखणं. इथं आपली मार्कशीट कुणाला वाचता येत नाही, मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून ती अमेरिकन श्रेणीत बदलून घ्यावी लागते. त्यात आपली बीएस्सी तीन वर्षांची, इथली पदवी चार. बऱ्याच ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागत नाहीत, त्यामुळे तिथं चमकून दाखवायचीही सोय नाही. उरतं काय, तर शिफारसपत्रं आणि आपण लिहायचं निवेदन. त्यातच मार्क कमी का, हे थोडक्यात सांगायचं.

मी काय लिहिलं माहितेय? वडिलांचं आजारपण. दोन परिच्छेद, वाचून कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं असे. मेरीला वाचून दाखवले, तिचेही डोळे भरले. आणि रात्री तू आठवलास. बाबा आजारी पडले २००८ ला, आपला निकाल लागला २००६ ला. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात रात्री माझ्याबरोबर बसायला तूच होतास, तारखा तुला पाठ आहेत. मेलेल्या बापाच्या जिवावर मी दहा टक्के वाढवून मागत होतो, आणि तेही देवाच्या शाळेत!

पुसून टाकलं. मग खरं कारण शोधायला बसलो तर ते काही सापडेना. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमी म्हणावं, तर त्या ऑगस्टला संपायच्या आणि परीक्षा एप्रिलला. मधले महिने आपण नेमकं काय केलं रे?

याच शोधात मार्टिन ल्यूथर किंगची जुनी कागदपत्रं वाचली. हा माणूस १९४८ साली क्रोझर सेमिनरीला गेला तेव्हा मोअरहाउस कॉलेजातली त्याची सरासरी होती चारपैकी २.४८. शिफारस करणाऱ्या प्राध्यापक केल्सींनी पत्रात सरळ लिहिलं की याचं रेकॉर्ड 'चांगलं' म्हणण्याच्या अलीकडचंच आहे, अभ्यासाची किंमत या मुलाला उशिरा कळली, तरी अर्जाचा गंभीरपणे विचार करा. क्रोझरला पहिल्या वर्षी त्याला वक्तृत्वात सी प्लस मिळाला. वक्तृत्वात! १९५१ ला तो वर्गात पहिला येऊन बाहेर पडला. खूश होऊ नकोस, मी त्याचं नाव अर्जात घालणार नाही. कमी मार्कांचा प्रत्येक उमेदवार घालत असणार. शिवाय तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

पण केल्सींचं पत्र मनात राहिलं. लपवलं काहीच नाही, आणि तरी शिफारस केली. मग मी पाच ओळी लिहिल्या: मार्क कमी आहेत, त्याला कुणाचा आजार कारणीभूत नाही, विषयात मन नव्हतं आणि ते कबूल करायची हिंमत नव्हती. गेल्या वर्षी इथल्या एका सेमिनरीत संध्याकाळच्या वर्गाला बसून जुन्या कराराचा एक कोर्स केला, त्यात ए मायनस आहे. एवढंच. बाबांचा व्हरांडा निवेदनात आहे, पण दुसऱ्या जागी, त्याच्या खऱ्या तारखेसह.

या पाच ओळी सोबत पाठवतोय. इंग्रजी बघू नकोस, ते मेरी बघेल. तू फक्त खोटं कुठं वाटतंय तिथं पेन्सिलनं फुली मार.

आणि एक काम. गणेशखिंडीला विद्यापीठात जाऊन ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज द्यायचाय, अधिकारपत्र जोडलंय. त्यांना तिन्ही वर्षांच्या मार्कशीट लागतील. पहिली आणि तिसरी आई देईल, तिला सांगून ठेवलंय. दुसऱ्या वर्षाची तिच्याकडे नाही. निकाल लागला त्या दिवशी घरी दाखवायला नको म्हणून मी ती तुझ्या टेबलाच्या खालच्या खणात, वर्तमानपत्राच्या कागदाखाली ठेवली होती. परत मागायचं राहिलं. ते टेबल अजून असलं तर बघ.

वहिनींना नमस्कार, पिंकीला गोड पापा.

तुझा,
सॅम्या