मालिकेतील अभिनयाचीही समीक्षा छापावी

माननीय संपादक,

दैनंदिन मालिकांविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ छापून येते. कोणत्या मालिकेचा टीआरपी वाढला, कोणती बंद होणार, कोणाच्या जागी कोण आले आणि कोणाच्या घरी कोणते शुभकार्य झाले, हे सारे वाचकाला कळते. मात्र या कलावंतांनी आपले मूळ काम, म्हणजे अभिनय, कसा केला याबद्दल एक परिच्छेदही सहसा वाचायला मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेत नागपूर केंद्रावर एकदाच होणाऱ्या प्रयोगाची आवर्जून दखल घेणारी आपली वृत्तपत्रे घरोघरी वर्षानुवर्षे रोज दिसणाऱ्या अभिनयाविषयी मौन बाळगतात, हे मला अन्यायाचे वाटते.

नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचे एक उदाहरण देते. ऑगस्ट २०१६ ते मार्च २०२१ या काळात झी मराठीवर चाललेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेची नायिका राधिका ही आपल्या नागपूरची होती. ती भूमिका करणाऱ्या अनिता दाते या मूळच्या नाशिकच्या, आणि त्यांचे नाट्यशिक्षण पुण्याच्या ललित कला केंद्रातले. म्हणजे ही बोली त्यांच्या घरची नव्हे. ती त्यांनी कमावली आणि साडेचार वर्षे सांभाळली. विदर्भाची बोली तोवर पडद्यावर बहुतेक वेळा हशा पिकवण्यासाठी वापरली जात असे. राधिकेने त्याच बोलीत नवऱ्याकडून होणारा अपमान सोसला, त्याच बोलीत ती संतापली आणि त्याच बोलीत तिने मसाल्यांचा व्यवसाय उभा केला. उसनी बोली विनोदी प्रसंगात टिकवणे तुलनेने सोपे असते, पण रडताना किंवा भांडताना ती सर्वांत आधी निसटते. दाते यांच्या तोंडून ती अशा प्रसंगांतही क्वचितच निसटली. माझ्या कानाला तिच्यात शहरी नागपुरी आणि खेड्यातली वऱ्हाडी यांची सरमिसळ जाणवत असे, आणि ‘करून राहिली’ सारखी वळणे काही भागांत गरजेपेक्षा जास्त पेरलेली वाटत. ही त्रुटी अभिनेत्रीची की संवादलेखनाची, याची चर्चा नागपुरातच व्हायला हवी होती. घराघरांत, चहाच्या टपरीवर ती झालीही. छापील शब्दांत झालेली मात्र माझ्या वाचनात नाही. याच अभिनेत्रीने मालिका सुरू असतानाच्या काळात, २०१८ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटात काम केले आणि पुढे २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ या चित्रपटात गायक वसंतराव देशपांडे यांच्या आईची भूमिका केली, तेव्हा तिच्या अभिनयाची दखल लगेच घेतली गेली. रोजच्या कामातून आलेली सफाई त्या भूमिकांना उपयोगी पडली असेल का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

नागपूरचेच डॉ. गिरीश ओक यांच्याबाबतीतही हेच घडले. ‘यू टर्न’ या दोनपात्री नाटकातील त्यांच्या कामाविषयी मी वाचले आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’मध्ये उतारवयात विवाह करणारा शेफ अभिजित राजे त्यांनी किती संयमाने रंगवला, याविषयी वाचलेले नाही.

मालिकेच्या कथा ताणलेल्या असतात, त्यांची समीक्षा काय करायची, असे आमच्या रंगकर्मी मित्रमंडळींत नेहमी म्हटले जाते. कथा ताणलेल्या असतात हे मला मान्य आहे. परंतु लेखन आणि अभिनय ही दोन वेगळी कामे आहेत, आणि लेखन कमकुवत असते तेव्हा नटाला किती भार उचलावा लागतो हे जाणकाराला स्पष्ट दिसते. नाटकातल्या नटाला आपल्या पात्राचा शेवट पहिल्या वाचनापासून ठाऊक असतो आणि त्या बेताने तो भूमिकेची चढण ठरवतो. मालिकेतल्या नटाला ती सोय नसते. आज सोशिक असलेले पात्र तीन महिन्यांनी कपटी ठरू शकते. सीनचे कागद अनेकदा सेटवर पोहोचल्यावर, मेकअप सुरू असताना हातात पडतात. एकाच दिवसात वेगवेगळ्या भागांतील प्रसंग मागेपुढे चित्रित होतात. बारा तासांच्या शिफ्टच्या अखेरीस थकल्या चेहऱ्याने क्लोजअप द्यावा लागतो. एवढे करून मानधन दिवसावर ठरते, ते बहुधा नव्वद दिवसांनी हाती येते, आणि मालिका गुंडाळली तर पुढचे काम कधी मिळेल याची शाश्वती नसते. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याजवळ मालिकेचे चित्रीकरण करत असताना करोनाची लागण होऊन गेल्या. एकोणऐंशीव्या वर्षीही त्या सेटवर उभ्या होत्या, हे मला आजही अस्वस्थ करते.

विदर्भाच्या वाचकाला तर हे कौशल्य परके वाटू नये. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या परिसरात, मोजक्या तालमींवर आणि प्रॉम्प्टरच्या भरवशावर रात्रभर नाटक उभे करणारे कलावंत हेच करत आले आहेत: हाती आलेला प्रवेश ताबडतोब आत्मसात करायचा आणि प्रेक्षकाला शंका येऊ द्यायची नाही. त्या रंगभूमीकडेही शहरी समीक्षेने दीर्घकाळ पाठ फिरवली होती. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना तिची नव्याने ओळख झाली. मालिकांच्या नटांबाबत तशीच दिरंगाई होऊ नये.

माझी विनंती नेमकी आहे. रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा, कोणत्याही एका मराठी मालिकेचे चार आठवड्यांचे भाग सलग पाहून, त्यातील एखाद्या कलावंताच्या कामाचे परीक्षण छापावे. कथानकाचा सारांश आणि खासगी आयुष्य त्यात नको. आवाज, बोली, समोरच्या नटाचे ऐकण्याची रीत, वारंवार येणाऱ्या एकाच प्रकारच्या प्रसंगात शोधलेले वेगळेपण, यांविषयी लिहावे. दोष दिसल्यास तेही नाव घेऊन सांगावेत, कारण नुसती स्तुती नटाच्या उपयोगाची नसते. नाट्य स्पर्धांचे परीक्षण करणारी अनुभवी मंडळी नागपुरात आहेत. त्यांच्याकडे हे काम सोपवता येईल. ज्या मालिकेत वैदर्भीय पात्र असेल तिची निवड प्रथम करावी, म्हणजे आपली बोली कशी वापरली जाते यावर आपल्याच भागातून अधिकाराने बोलले जाईल. येथील नाट्यवर्गांतून दरवर्षी मुंबईला मालिकांत काम शोधायला जाणाऱ्या मुलामुलींनाही आपल्याकडून नेमके काय अपेक्षित असते, हे त्या परीक्षणांतून आधीच समजेल.

आपली,
एक नियमित वाचक
प्रतापनगर, नागपूर