वॉशिंग्टनांची सून

प्रिय शमे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. गुडघा आहे तसाच, ह्यांचं मोतीबिंदूचं उरकलं. झालं.

चिनूचं लग्न ठरलं. मुलगा अटलांटाचा, कृष्णवर्णीय, शाळेत गणित शिकवतो. आडनाव वॉशिंग्टन. धाकट्या वन्सं लगेच, "जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यातला का?" म्हटलं, त्याला पोटचं मूलच नव्हतं. तर म्हणाल्या, "मग दत्तक असेल."

मुलगा गुणी आहे, त्याचं काही नाही. माझा जीव अडकलाय भलतीकडेच. चिनू म्हणते, मी वॉशिंग्टन लावणार. आपली चिनू! आणि मी कोणत्या तोंडानं नको म्हणू? माझं तर पहिलं नावही तांदळाच्या ताटात अंगठीनं बदललं. तू ते बोटानं फिसकटलंस, सासूबाई बघत राहिल्या, आणि पुढे आपण किती दिवस बोललो नाही! चूक तुझीच होती, अजून म्हणते. भर मांडवात असं करतात?

झोप लागेना, म्हणून ते आडनावच उकरत बसले. मुळात ते गाव गं, इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅमकडचं. विल्यम डी हार्टबर्न नावाच्या सरदारानं आपलं हार्टबर्न सोडून बदल्यात हे गाव घेतलं. डरहॅमच्या बिशपनं 1183 साली करवून घेतलेल्या 'बोल्डन बुक' या दप्तरात तशी नोंद आहे. गाव बदललं तसं आडनावही बदललं, आपल्या निपाणीकर-सातारकरांसारखं. पुरुष असून! त्याच्यापुढे कोणी ताट धरलं नव्हतं.

त्याच वंशातला जॉन 1656 च्या सुमारास व्हर्जिनियात गेला. जॉर्ज त्याचा पणतू. जॉर्ज वारला त्या 1799 साली त्याच्या माउंट व्हर्नन या मळ्यावर 317 गुलाम होते. आणि आता बघ, अमेरिकेच्या 2000 च्या जनगणनेत वॉशिंग्टन लावणारे 1,63,000 च्या वर निघाले, त्यातले सुमारे 90 टक्के कृष्णवर्णीय. हे सगळे काही जॉर्जच्या गुलामांचे वंशज नव्हेत. मुक्त झाल्यावर पुष्कळांनी हे आडनाव आपणहून घेतलं. गुलामीत जन्मून पुढे मोठा शिक्षणकार झालेला बुकर टी. वॉशिंग्टन पहिल्यांदा शाळेत गेला, तर हजेरीत बाकी पोरांची दोन-दोन नावं, ह्याचं एकच. मास्तर त्याच्यापर्यंत येईतो ह्यानं ठरवून टाकलं आणि सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, तेच उचललं. पोराची हुशारी बघ.

हे चिनूला सांगायला गेले आणि फसले. म्हणते, "मग मीही आपणहूनच घेतेय." आता बोल! तुझा जुना मुद्दा काढला, की मग त्यानं आपलं लावावं. जावई शांतपणे म्हणाला, "आमच्या खापरपणजोबांनी स्वतः निवडलेलं आहे, ते मी नाही सोडणार." ह्यावर काय म्हणायचं? आपलं आडनाव तर कोणी निवडलेलंसुद्धा नाही, सातबाऱ्यावर होतं म्हणून आहे. मुलगा बरोबर, मुलगीही बरोबर, आणि मला मात्र घास गिळवत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, पासपोर्ट बदलायला खर्च किती येतो?

तुझ्या सुनेनं काय केलं गं? विचारायचं राहूनच जातं. फ्लॅटचा ताबा मिळाला का? अण्णांना नमस्कार.

पुढच्या महिन्यात दोघं सांगलीला येतायत. तू येच. चिनू माझं ऐकत नाही, पण तुझ्याशी भांडायला तिला आवडतं. मी चहा करून देईन, बाकी तुम्ही बघा.

तुझी,
नंदी