गाडी विकली, नाव मात्र माझेच

आठ महिन्यांपूर्वी वर्तकनगरमधल्या एका दलालामार्फत मी जुनी गाडी विकली. पैसे मिळाले, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, किल्ली दिली. ‘नावावर करून घेतो’ या शब्दावर विसंबलो. गेल्या आठवड्यात मोबाइलवर ई-चलन आले: वाशीला सिग्नल तोडला. फोटोत मागच्या काचेवर माझ्या मुलीने चिकटवलेले फुलपाखरू तसेच होते.

दंड एकवेळ भरता येईल. पण अपघातात कुणाचा जीव गेला असता तर? नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी राज्यातच विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे मला आता, चलन हातात आल्यावर कळले. विकणाऱ्यांनी दलालावर न सोडता स्वतः कळवावे, पोचपावती जपून ठेवावी, आणि आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नव्या नावाची झाल्याचे स्वतः तपासावे. हा १४ दिवसांचा नियम आरटीओच्या दारावरच मोठ्या अक्षरांत लावावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)