किनाऱ्यावर फोन कोणी घ्यायचा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मुंबईहून गोव्यापर्यंत शिडाच्या बोटीने जाण्याचे नक्की झाले आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मात्र किनाऱ्यावरचा संपर्क म्हणून बाबांऐवजी दादाचा नंबर पहिला दिला आहे, हे मीच सांगितलेले बरे.

बाबा, तुमच्याइतका काटेकोर माणूस आपल्या घरात दुसरा नाही. परंतु बोटीवरचा आपत्कालीन बीकन सुरू झाला, की त्याचा संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातो, आणि बोट खरोखरच समुद्रात आहे का, याची खात्री करण्यासाठी नोंदवलेल्या नंबरवर फोन येतो. तो मध्यरात्रीही येऊ शकतो, आणि त्या वेळी तुमचे कानातले यंत्र डबीत असते. दुसरा नंबर तुमचाच आहे. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणेला निघालेले अभिलाष टॉमी 2018 मध्ये जखमी होऊन हिंदी महासागरात अडकले, तेव्हा पेपर हातात घेऊन तुम्हीच मला बीकनचे महत्त्व समजावले होते.

आता काळजी कधी करायची, ते सांगते. सकाळी आणि संध्याकाळी आठ वाजता दादाला निरोप जाईल. मासेमारीची जाळी टाळण्यासाठी रात्री किनाऱ्यापासून दूर राहावे लागते. तेथे मोबाइल चालत नाही आणि व्हीएचएफ रेडिओही साधारण वीस-पंचवीस सागरी मैलांपलीकडे भरवशाचा नसतो. त्यामुळे एखादा निरोप चुकेल. लागोपाठ दोन चुकले, तरच दादा 1554 वर तटरक्षक दलाला कळवील; बोटीचे नाव, शिडांचा रंग, माणसांची संख्या आणि आमचा मार्ग त्याच्याजवळ लिहून ठेवला आहे. बाबा, नकाशावर बोटीचे चिन्ह एकाच जागी दिसले, म्हणजे बोट थांबली असे समजू नका. एआयएसचा, म्हणजे बोटीचे ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्राचा, संदेश किनाऱ्यावरच्या अँटेनापर्यंत पोहोचलेला नसतो, एवढेच.

आई, रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण आहे. ते काही सेकंद दाबून धरले, की आमचे ठिकाण जवळच्या जहाजांना आपोआप कळते. रात्री डेकवर जाताना लाइफ जॅकेटचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कोणीही पाऊल टाकत नाही. झोपायला कोरडी जागा आहे, शेगडी आहे, आणि तुझे मेतकूट मी आठवणीने घेतले आहे. लहानपणी खडकवासल्याच्या पाण्यात पाय बुडवले, तरी तू माझा फ्रॉक मुठीत धरून ठेवायचीस. तो पट्टा अडकवताना मला तीच मूठ आठवते.

माझ्यासाठी उपास धरू नकोस. त्याने पित्त तेवढे वाढेल. बाबा, रात्री दहानंतर वाऱ्याचे अंदाज पाहत बसू नका, गोळ्या वेळेवर घ्या, आणि शनिवारची रक्तदाबाची तपासणी माझ्या येण्यापर्यंत पुढे ढकलू नका.

तुमची,
मनू