एच४ ही चाल टाकून देण्यापूर्वी

सांगली,
रविवार रात्र

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू सहज सांगून गेलास की, वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीत तिसऱ्याच चालीला उजव्या कडेचे एच-प्यादे दोन घरे पुढे रेटण्याची तुझी कल्पना तू सोडून दिलीस, कारण ती चाल खेळताच स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणकी इंजिनाने पांढऱ्याची आघाडी शून्यावर आणून ठेवली. त्या वेळी बाबा बोलायला थांबले होते म्हणून मी फोन त्यांच्याकडे दिला, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. दोन दिवस संध्याकाळी पट मांडून मी तीच स्थिती पाहते आहे. चाली आणि त्यांची कारणे फोनवर नीट सांगता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

प्रथम तुझी चालच पुन्हा मांडते. १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. एच४. काळ्याने जी-प्यादे एक घर पुढे आणले, म्हणजे त्याचा राजा बहुधा त्याच बाजूला जाणार, आणि एच-प्यादे एच५ पर्यंत पोचले की त्या प्याद्यांच्या भिंतीला भगदाड पाडता येईल, असा तुझा विचार होता. हे तुला पट पाहता पाहता सुचले, याचे मला फार समाधान वाटले. गेल्या काही वर्षांत मोठे ग्रँडमास्टर ही चाल खेळले आहेत; तेव्हा ती अगदी नवी नाही, पण त्यामुळे तुझ्या सुचण्याचे मोल कमी होत नाही.

मात्र या चालीचा सर्वांत चांगला अर्थ राजावरच्या हल्ल्यात नाही, असे मला दोन दिवसांनंतर वाटते. ३... उंट जी७ ४. घोडा सी३ डी५ ५. एच५ असे खेळून पाहा. काळ्याच्या घोड्याने एच५ वरचे प्यादे खाल्ले, तर पांढऱ्याने ते फुकट घालवले असे वरवर वाटते. पण तो घोडा एफ६ सोडून पटाच्या कडेला गेला, आणि डी५ वरच्या प्याद्यासाठी त्याची खरी गरज होती. आता पांढऱ्याने सी-प्याद्याने डी५ वर मारले की काळ्याच्या वजिराला तिथे परत मारता येत नाही, कारण सी३ वरचा घोडा त्या घरावर नजर ठेवून आहे. हिशेब केलास तर दोघांचे एकेकच प्यादे गेले. पांढऱ्याने कडेचे देऊन मधले घेतले, आणि शिवाय हत्तीला एच-पट्टी मोकळी मिळाली. काळा लगेच सी५ खेळून मध्यभागावर घाव घालतो आणि तिथून खरा झगडा सुरू होतो. हे सगळे इंजिनाने मला शब्दांत सांगितले नाही. त्याने फक्त चाली दाखवल्या. घोडा कडेला का नेला जातो आहे, हा प्रश्न मी पटाला विचारला तेव्हा उत्तर मिळाले.

तुझा शून्य येतो तो दुसऱ्या वाटेने, निदान माझ्या लॅपटॉपवर तरी. काळ्याने उंट न काढता ३... सी५ खेळावे आणि ४. डी५ ला बी५ हे उत्तर द्यावे. बेन्को गॅम्बिट, म्हणजे काळ्याने बी-प्यादे देऊन दबाव मिळवण्याची सुरुवात, तिच्या धर्तीवर सगळी लढाई वजिराच्या बाजूला सरकते आणि एच४ वरचे प्यादे तिथे काय काम करणार, याचे उत्तर पांढऱ्याला शोधत बसावे लागते. म्हणजे तुझ्या चालीला चोख उत्तर आहे. पण ते उत्तर पटासमोर बसलेल्या, ही चाल पहिल्यांदाच पाहणाऱ्या खेळाडूला तिसऱ्या चालीला सुचेल का, आणि सुचले तरी पुढे निभावता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे. तो तू विचारलाच नाहीस.

त्या आकड्याविषयीही थोडे लिहिते, कारण तुझ्या पिढीत त्याला फार मान आहे. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून स्टॉकफिशने आपल्या आकड्याचा अर्थच नव्याने ठरवून घेतला: अधिक एक म्हणजे एका प्याद्याची आघाडी असे नव्हे, तर इंजिन इंजिनाशी खेळले असता त्या बाजूला डाव जिंकण्याची शक्यता निम्मी. आता शून्य पूर्णांक तीन आणि शून्य यांतला फरक किती, याचा विचार कर. दोन इंजिने खेळली, तर दोन्ही ठिकाणी बहुतेक वेळा डाव बरोबरीतच सुटेल. तुझा प्रतिस्पर्धी मात्र रविवारच्या स्पर्धेत सकाळी दोन डाव खेळून थकलेला, घड्याळाकडे पाहणारा माणूस आहे. इंजिन आपल्यासारख्याच प्रतिस्पर्ध्याला समोर धरून उत्तर देते, आणि त्याचे उत्तर त्या प्रश्नापुरते अगदी खरे असते.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगते. ती तुला मी कधी पूर्ण सांगितलेली नाही. १९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे, युरोपीय सांघिक स्पर्धेत, इंग्लंडच्या टोनी माइल्सने जगज्जेत्या कारपॉव्हच्या १. ई४ या चालीला ए६ आणि २. डी४ ला बी५ असे उत्तर दिले आणि तो डाव जिंकला. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांमुळे सांगलीला बाहेरगावचे खेळाडू येत, त्यांच्याबरोबर मासिके येत, आणि अशाच एका अंकातून काही महिन्यांनी तो डाव माझ्या हाती लागला. मी तेव्हा शाळेत होते. सगळा डाव वहीत उतरवून घेतला, पाठ केला, आणि त्याच वर्षी एका स्पर्धेत काळ्या सोंगट्यांनी खेळले. प्रतिस्पर्धी माझ्याहून मोठ्या होत्या, त्यांनी सहाव्या चालीला माइल्सच्या डावात नसलेली चाल खेळली, आणि त्या क्षणी माझ्याजवळ काहीही उरले नाही. मी हरले. डाव संपल्यावर जाणत्या मंडळींनी ती सुरुवातच वाईट असल्याचा निर्वाळा दिला. मी तो मान्य केला आणि ए६ पुन्हा कधी खेळले नाही.

सुरुवात वाईट होती की मी वाईट खेळले, हे सांगू शकेल असे तेव्हा सांगलीत कोणी नव्हते. हा प्रश्न मी जवळजवळ चाळीस वर्षे मनात बाळगला. गेल्या गणपतीत तू लॅपटॉपवर सगळे बसवून दिलेस, त्यानंतर एका दुपारी जुनी वही काढून मी तो डाव त्यात भरला. स्टॉकफिशला ती सुरुवात आवडत नाही, पांढरा स्पष्ट वरचढ आहे, हे खरेच आहे. पण चौदा चालींपर्यंत माझी बाजू खेळण्याजोगी होती. डाव गेला तो एकोणिसाव्या चालीला, जेव्हा बी७ वरचा उंट मी आपण होऊन बदलून टाकला. ए६ आणि बी५ या दोन्ही चाली ज्या उंटाला लांब तिरप्या रेषेवर बसवण्यासाठी खेळायच्या, तोच उंट मी दिला. मला माइल्सच्या चाली पाठ होत्या, त्यांचा हेतू ठाऊक नव्हता. त्या दुपारी मी बराच वेळ पटासमोर बसून राहिले. मला जे उत्तर चाळीस वर्षांनी मिळाले, ते तुला रात्रीच्या जेवणाआधी मिळू शकते. म्हणूनच तू पहिला आकडा पाहून यंत्र बंद केलेस, याचे मला इतके वाईट वाटले.

तेव्हा माझी विनंती आहे की पुढच्या वेळी लॅपटॉप उघडण्याआधी वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात: ही चाल मी का खेळतो आहे, प्रतिस्पर्ध्याने काही केलेच नाही तर माझी पुढची चाल कोणती, आणि मला भीती कशाची वाटते. इंजिन सुरू झाल्यावर डोळा त्याच्या आकड्याकडे जातो आणि स्वतःचे मत परत आठवत नाही, हा माझाही अनुभव आहे. नंतर एकच उत्तम चाल न मागता त्याला पाच चाली दाखवायला सांग, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला. पाचही चालींनी त्याचे बरे चालत असेल, तर तुझी कल्पना फारसा त्रास देत नाही. एकच चाल तारणारी असेल, आणि ती सुद्धा माणसाच्या हाताला सहज न सुचणारी, तर ती कल्पना शून्य आकड्यासहित जपून ठेवण्याजोगी आहे. एच४ बाबत तू हे केलेस की उंट जी७ या सर्वांत स्वाभाविक चालीनंतर पांढऱ्याला काय काय मिळते, ते आपोआप दिसेल.

एक प्रयोग मला विशेष आवडतो. पुष्कळशा प्रोग्राममध्ये एका बाजूची चाल सोडून देता येते. एच४ नंतर काळ्याची पाळी सोडून दे आणि पांढऱ्याला पुन्हा खेळू दे. त्याला खरोखर काय करायचे आहे, म्हणजे धमकी कोणती, हे लगेच उघडे पडते. दुसरे, घाई करू नकोस. विचित्र वाटणाऱ्या चालीवर इंजिनाचे पहिले मत आणि अर्ध्या तासानंतरचे मत यांत पुष्कळदा अंतर पडते, आणि आपण त्या मार्गाने आठ-दहा चाली पुढे जाऊन परत मागे आलो तर मूळ स्थितीचा आकडाही कधी कधी बदलतो, कारण वाटेत जे दिसले ते त्याच्या स्मरणात राहते. लीला या दुसऱ्या इंजिनालाही विचार. ती स्वतःशी खेळून शिकलेली, स्टॉकफिशहून वेगळ्या रीतीने विचार करणारी आहे. दोघांचे मत जिथे जुळत नाही, तिथे आपण थांबून पाहावे. २०२० च्या सप्टेंबरात आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्कची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीची, मदत घेतली आहे, त्यामुळे प्यादे देऊन दीर्घकाळ टिकणारा दबाव मिळवणे त्याला आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगले कळते.

कडेच्या प्याद्यांना हा मान मिळाला त्यातही यंत्राचाच वाटा आहे. २०१७ च्या डिसेंबरात स्वतःशी खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामने स्टॉकफिशच्या आठव्या आवृत्तीशी १०० डाव खेळून २८ जिंकले आणि एकही गमावला नाही. त्या सामन्याच्या अटींवर आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तही होते. पण एच-प्यादे शांतपणे एच६ पर्यंत नेऊन समोरच्या राजाचा श्वास कोंडण्याची त्याची रीत पाहून जगभरच्या खेळाडूंनी आपल्या वह्या पुन्हा उघडल्या. आपल्या देशापुरते बोलायचे तर याहून जुनी एक गोष्ट आहे. तू ज्या जी६ वर चालून जातो आहेस, तो बचाव १८५० च्या दशकात कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉकरेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध खेळत होते. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. त्या सवयीच्या हाताला जी६ आणि डी६ स्वाभाविक होते, युरोपला ते चमत्कारिक वाटले. ऑस्ट्रियाचा खेळाडू ग्रुनफेल्ड याने १९२२ मध्ये ज्याला आपले नाव मिळवून दिले, त्या मांडणीचा डाव १८५५ मध्येच महेशचंद्रांनी कॉकरेनशी खेळून ठेवला होता. कोणत्याही यंत्राने त्यांना अनुमती दिलेली नव्हती.

पण एक धोकाही सांगितला पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. २०२३ च्या एप्रिलमध्ये अस्ताना येथे जगज्जेतेपदाच्या लढतीच्या दुसऱ्या डावात डिंग लिरेनने पांढऱ्या सोंगट्यांनी चौथ्याच चालीला एच३ ही फार क्वचित दिसणारी चाल खेळली. त्याच्या सोबत मदतनीस म्हणून ग्रँडमास्टर रिचर्ड रॅपोर्ट होता, अनवट सुरुवातींसाठी सर्वांना माहीत असलेला, आणि घरची तयारी अर्थातच इंजिनाच्या साह्याने झालेली असणार. प्रतिस्पर्धी नेपोम्नियाची गोंधळला नाही; त्याने सरळ, समंजस चाली खेळल्या आणि २९ चालींत डाव जिंकला. अनपेक्षित चालीचा धक्का दोन-तीन चाली टिकतो, त्यानंतर पटावर जी स्थिती उरते ती आपल्याला कळलेली असावी लागते. डिंगने पुढे लढत बरोबरीत आणून टायब्रेकमध्ये जेतेपद मिळवले, हे तुला माहीतच आहे.

म्हणून स्पर्धेत एच४ खेळण्याआधी इंजिनाची ताकद कमी करून ५. एच५ नंतरच्या स्थितीपासून त्याच्याशी दहा-बारा डाव खेळ, काही पांढऱ्याकडून आणि काही काळ्याकडूनही. प्रत्येक डावानंतर, कुठे अडखळलास ते आधी स्वतः लिही आणि मगच यंत्राला विचार. वसतिगृहात अभ्यासातून वेळ काढून हे करावे लागेल, याची मला जाणीव आहे. परीक्षा असेल तर महिनाभर थांबलास तरी चालेल, चाल कुठे पळून जात नाही.

दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये. पट मी ओसरीवरच मांडून ठेवते. पांढऱ्या सोंगट्या तुझ्या, आणि तुझ्या एच४ ला मी सी५ खेळणार आहे, हे आताच सांगून ठेवते. त्यानंतर एच-प्याद्याचे काय करायचे, ते तू मला दाखव.

तुझी,
आई